ओव्हनमध्ये भाजलेला ॲस्परॅगस लिबलिबीत का होतो, आणि तो खरपूस कसा करायचा

ट्रे बाहेर काढावा तर कोंब मलूल पडलेले, रंग शेवाळी आणि तळाशी तेल-पाण्याचं डबकं. शेंडे कधी करपलेले, तर बुडखे चावून चावून तोंडात नुसता चोथा उरतो. ॲस्परॅगसची जुडी काही स्वस्त नसते. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये, इतर शहरांत सुपरमार्केटच्या परदेशी भाज्यांमध्ये ती मिळते. एकदोनदा अशी फसली की लोक ‘ही भाजी आपल्या हाताला येत नाही’ म्हणून नाद सोडतात. मला याचं खरंच वाईट वाटतं. नीट भाजलेला ॲस्परॅगस हे दहा-बारा मिनिटांत होणारं, तेल, मीठ आणि लिंबापलीकडे काही न मागणारं फार चांगलं तोंडीलावणं आहे.

बहुतेक घरांत दोष एकच असतो: कोंब भाजले जातच नाहीत, ते वाफवले जातात. म्हणून ‘अजून पाच मिनिटं ठेवू का?’ हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. वाफेत आणखी पाच मिनिटं ठेवलेला कोंब आणखी मऊ होईल, खरपूस होणार नाही. पाणी कुठून येतंय आणि ते उडून का जात नाही, तेवढं शोधलं की बाकीचं सोपं आहे.

पाणी नेमकं काय करतं

ॲस्परॅगसमध्ये वजनाच्या सुमारे 93 टक्के पाणी असतं. 250 ग्रॅमची जुडी म्हणजे जवळजवळ 230 ग्रॅम पाणी. हे सगळं पाणी घालवायचं नसतं, ते आत राहिलं तरच कोंब रसाळ लागतो. आपल्याला फक्त वरची साल कोरडी करून तिच्यावर तपकिरी डाग आणायचे असतात, आणि तेही आतला गर मऊ पडायच्या आधी. ही दोन कामं एकाच वेळी चालू असतात. कुठलं आधी पूर्ण होतं, यावर सगळा निकाल ठरतो.

भाजल्याचा तो खरपूस रंग आणि वास साधारण 140 अंश सेल्सिअसच्या पुढे नीट येऊ लागतो. पण कोंबाच्या सालीवर पाणी आहे तोवर ओव्हन 220 वर असला तरी साल 100 अंशांच्या फारशी वर जात नाही, कारण मिळालेली उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. ही उष्णता थोडीथोडकी नसते. एक ग्रॅम पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी लागते, त्याच्या सुमारे सातपट उष्णता त्याच एका ग्रॅमची वाफ करायला लागते. धुऊन नुसते झटकलेले कोंब ट्रेवर टाकले, तर पहिली काही मिनिटं ओव्हन नळाचं पाणीच उडवत बसतो.

तोवर आत काय होतं? पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन 85 अंशांच्या आसपास झपाट्याने सैल व्हायला लागतं. कोंब आतून मऊ होतो, पेशींतलं पाणी बाहेर झिरपतं, ते पुन्हा सालीवर आणि ट्रेवर येतं आणि पुन्हा वाफ होते. एकदा हे चक्र सुरू झालं की रंग यायच्या आधीच कोंब लोळतो. ओव्हन 160-170 वर ठेवून ‘मंद आचेवर नीट शिजू दे’ म्हणणाऱ्यांची भाजी याच कारणाने हमखास बिघडते. वांग्याच्या भरताला किंवा रताळ्याला सावकाश भाजणं मानवतं. ॲस्परॅगसला मानवत नाही.

तुमच्याकडे वाफ होते आहे की भाजणं, हे ओळखायला दोन खुणा पुरतात. कोंब ट्रेवर टाकताक्षणी चर्र असा आवाज यायला हवा. आवाज आला नाही तर ट्रे थंड होता. दुसरी खूण दाराच्या काचेवर दिसते. सुरुवातीला काच थोडी धूसर झाली तर हरकत नाही, पण पाच-सहा मिनिटांनंतरही ती दमटच असेल, तर आत वाफ कोंडली आहे.

आधी कोरडे करा, मग तेल

कोंब धुवायला हवेतच, कारण शेंड्याच्या मिटलेल्या खवल्यांत बारीक रेती अडकलेली असते. शेंडे खाली करून पाण्यात दोन मिनिटं हलवले की ती निघते. मग चाळणीत निथळू द्या. पण निथळणं म्हणजे कोरडं होणं नव्हे. सुती पंचावर एका थरात पसरा, वरून पंचाचाच दुसरा पदर टाका आणि हलक्या हाताने गोल फिरवा. शेंड्यांवर दाब देऊ नका, ते मोडतात. नंतर पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. शक्य असेल तर सकाळीच धुऊन, पुसून ठेवा. या एका पायरीने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या ऑलिव्ह तेलाने पडत नाही.

तेल 250 ग्रॅमला दोन लहान चमचे, म्हणजे सुमारे 10 मिलिलिटर, पुरतं. ते परातीत कोंबांवर घालून हातानेच चोळा, प्रत्येक कोंब चकाकला पाहिजे. कोंब गोल असतो, त्याचा ट्रेला स्पर्श एका बारीक रेघेपुरताच होतो. तेल ती फट भरतं आणि ट्रेची उष्णता सालीपर्यंत नेतं. तेल फारच कमी पडलं तर साल सुरकुतते आणि रंग येत नाही. जास्त झालं तर कोंब त्यात पडून राहतात आणि ओशट लागतात. रिफाइंड शेंगदाणा तेल किंवा साजूक तूप या तापमानाला छान टिकतं. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेलही चालतं, 220 वर किंचित धूर दिसला तर घाबरायला नको. लोणी मात्र सुरुवातीला नको. त्यात पाणीही असतं आणि दुधाचे घन कणही, ते कण कोंबाच्या आधी करपतात. लोण्याची चव हवी असेल तर ट्रे बाहेर काढल्यावर त्यावर एक लहान गोळा वितळू द्या.

मीठ लावून कोंब मुरत ठेवायची सवय काकडीच्या कोशिंबिरीत कामाची, इथे घातक. मीठ पेशींतलं पाणी बाहेर ओढतं. मीठ ट्रे आत सरकवायच्या अगदी आधी लावा, किंवा सरळ शेवटी.

गर्दी आणि ट्रे

कोंब एका थरात हवेत आणि दोन कोंबांमध्ये बोटभर नाही तरी अर्धं बोट जागा हवी. एकावर एक चढलेले कोंब एकमेकांच्या वाफेत शिजतात. 16-18 लिटरच्या लहान ओटीजीत (ओव्हन-टोस्टर-ग्रिलरमध्ये) एका वेळी साधारण 200 ते 250 ग्रॅमच नीट भाजले जातात. पाहुण्यांसाठी अर्धा किलो करायचा असेल तर दोन घाण्यांत करा. वेळ वाचवायला सगळा एकदम कोंबला की दोन्ही घाणे बिघडल्यासारखंच होतं.

ट्रे धातूचा, बसका आणि गडद रंगाचा असावा. काचेचं बेकिंगचं भांडं इथे अडचणीचं ठरतं: काच सावकाश तापते आणि तिच्या उंच कडा वाफ धरून ठेवतात. केकचा खोल डबा त्याच कारणाने नको. सिलिकॉनच्या मॅटवर खालून रंग येत नाही. बेकिंगचा कागद चालतो, पण रंग थोडा कमी येतो. वरून फॉइल झाकायचा सल्ला कुठे वाचला असेल तर विसरा, फॉइलखाली फक्त वाफच होणार.

आणखी एक गोष्ट ओटीजीवाल्यांनी तपासावी. सोबत आलेला ट्रे कधीकधी आतली जागा भिंतीपासून भिंतीपर्यंत व्यापतो. मग खालच्या रॉडची गरम हवा वर येऊ शकत नाही आणि वरची दमट हवा हलत नाही. अशा वेळी थोडा लहान ट्रे जाळीवर ठेवून वापरा.

ओटीजी खरंच 220 वर पोचतो का?

हा भाग लांबणार आहे, कारण आपल्याकडच्या बहुतेक तक्रारींचं मूळ मला इथे दिसतं. परदेशी पाककृती मोठ्या, जाड भिंतींच्या, भिंतीत बसवलेल्या ओव्हनसाठी लिहिलेल्या असतात. आपला ओटीजी लहान, पातळ पत्र्याचा, 1000 ते 1500 वॉटचा. त्याच्या डायलवर 220 लिहिलं आहे म्हणून आत 220 असतंच असं नाही.

पहिली गोष्ट टायमरची. अनेक ओटीजींमध्ये यांत्रिक टायमर चालू असेल तेवढाच वेळ रॉड तापतात. प्रीहीटसाठी दहा मिनिटं लावली, मधे पोळ्या लाटत बसलात, टायमर वाजून बंद झाला आणि वीस मिनिटांनी कोंब आत सरकवले, तर ओव्हन तोवर बराच निवलेला असतो. टायमर ‘स्टे ऑन’वर ठेवण्याची सोय असेल तर ती वापरा आणि वेळ मोबाइलवर मोजा. नसेल तर टायमर भरपूर पुढे फिरवून ठेवा. या टायमरवर पाच-दहा मिनिटांसारख्या लहान वेळा तशाही अचूक लागत नाहीत.

दुसरी गोष्ट प्रीहीटची. दिव्यावर विसंबू नका. काही ओटीजींत तो दिवा फक्त वीज चालू असल्याचं सांगतो. रॉडकडे पाहा. आधी ते लाल होतात आणि ठरलेलं तापमान आलं की थर्मोस्टॅट त्यांना बंद करतो, ते काळे पडतात. पण पहिल्यांदा काळे पडले म्हणजे ओव्हन तयार झाला असं नाही. तोवर हवा तापलेली असते, भिंती आणि ट्रे अजून मागे असतात. दार उघडलंत की ती हवा एका क्षणात बाहेर जाते. रॉड दोन-तीनदा लाल-काळे होऊ द्या, एकूण पंधरा मिनिटं धरा, आणि रिकामा ट्रे याच काळात आत तापत ठेवा.

तिसरी गोष्ट विजेची, आणि ही परदेशी पाककृतीत कधीच लिहिलेली नसते. रॉडने दिलेली उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 230 ऐवजी 200 व्होल्ट येत असतील तर रॉड सुमारे पाऊणपटच उष्णता देतो, म्हणजे 1200 वॉटचा ओटीजी जेमतेम 900 वॉटचं काम करतो. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्या गल्लीचे एसी आणि पंप एकदम चालू असतात, तेव्हा गावाकडे आणि जुन्या वस्त्यांत व्होल्टेज इतकं पडणं नवीन नाही. दुपारी जमलेला ॲस्परॅगस रात्री का फसला, याचं उत्तर तिथेही असू शकतं. अशा वेळी प्रीहीट वीस-पंचवीस मिनिटं करा आणि घाणा लहान ठेवा.

तापमान तपासायचा खात्रीचा मार्ग म्हणजे जाळीवर ठेवायचा साधा ओव्हन थर्मामीटर. तो नसेल तर साखर वापरता येते. साखर 186 अंशांच्या आसपास वितळते. ओव्हन 200 वर नीट तापवा, फॉइलच्या वाटीत अर्धा चमचा साखर मधल्या जाळीवर ठेवा आणि पंधरा मिनिटांनी बघा. ती पांढरी, कोरडी, दाणेदारच राहिली असेल तर तुमचा ओव्हन नक्की डायलच्या मागे आहे. वितळली तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नका, कारण रॉडची सरळ झळ लागूनही ती वितळू शकते.

आता ट्रे कुठे ठेवायचा? रॉड दोन्ही चालू, पंखा असेल तर चालू, आणि ट्रे मधल्या जाळीवर किंवा तिच्या एक घर वर. पंखा इथे फार उपयोगी पडतो, कारण तो कोंबांभोवतीची दमट हवा हलवत राहतो. पंख्याच्या ओव्हनला 200 पुरतात, बिनपंख्याच्याला 220 लागतात. अमेरिकी पाककृतीतलं 425 म्हणजे फॅरेनहाइट, आपल्या मापात साधारण 218. भाजताना दार एकदाच उघडा, निम्म्या वेळात कोंब हलवायला. ओटीजी लहान असल्यामुळे प्रत्येक वेळी दार उघडलं की बरीच उष्णता जाते.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर तो कन्व्हेक्शन मोडवरच, सर्वांत वरच्या तापमानाला प्रीहीट करून वापरा. नुसत्या मायक्रोवेव्ह मोडवर रंग येणं शक्य नाही, ते पाण्यालाच तापवतात. एअर फ्रायरमध्ये 200 वर पाच ते आठ मिनिटं पुरतात, बारीक कोंबांना त्याहूनही कमी. आणि तुमचा ओटीजी काही केल्या 200 च्या पुढे जात नसेल, तर माझा सरळ सल्ला आहे: बिडाचा तवा मोठ्या आचेवर कडकडीत तापवा, तेल लावलेले कोंब एका थरात ठेवा आणि चार ते सात मिनिटं हलवत भाजा. थंड ओव्हनपेक्षा तापलेला बिडाचा तवा दहा वेळा चांगला.

बुडखा चिवट राहतो तेव्हा

ही तक्रार वेगळी आहे आणि तिच्यावर ओव्हनमध्ये इलाज नाही. कोंब कापल्यावरही जिवंत असतो, भाज्यांमध्ये त्याचा श्वसनाचा वेग फार जास्त आहे. तो आपली साखर वापरत राहतो आणि त्याच्या तंतूंमध्ये लिग्निन साठत जातं, म्हणजे लाकूड तयार होऊ लागतं. हे कापलेल्या टोकापासून सुरू होऊन वर सरकतं. उष्णतेने पेक्टिन सैल होतं, लिग्निन होत नाही. त्यामुळे चिवट बुडखा वाचवायला जास्त वेळ भाजलं, तर शेंडा विरघळतो आणि बुडखा तसाच राहतो.

त्यामुळे बाजारात जुडी निवडताना शेंड्यांइतकंच बुडख्याकडेही पाहा. शेंडे घट्ट मिटलेले हवेत. ते फुलारायला लागले असतील किंवा बुळबुळीत झाले असतील तर घेऊ नका. कापलेलं टोक ओलसर हवं, वाळून पांढरं किंवा चिरफाळलेलं नको. ताजे कोंब एकमेकांवर घासले तर करकरतात. घरी आणल्यावर बुडखे अर्धा सेंटिमीटर कापून, कोथिंबिरीची जुडी ठेवतो तशी पेल्यात बोटभर पाण्यात उभी ठेवा, वरून पिशवी सैल टाका आणि फ्रिजमध्ये ठेवा. थंडीत ही लाकूड होण्याची क्रिया मंदावते. पिकलेल्या केळी-आंब्यांशेजारी मात्र ठेवू नका. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने कोंब आणखी लवकर चिवट होतात. मे महिन्यात घरभर आंबे असताना हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

कोंब हाताने वाकवून आपोआप मोडेल तिथे मोडायची पद्धत सगळीकडे सांगितली जाते. मला ती पटत नाही. कुठे धरून वाकवता यावर तो कुठे मोडेल हे ठरतं, आणि त्यात बराच चांगला भाग फुकट जातो. त्यापेक्षा सुरी घ्या, तळापासून दोन-तीन सेंटिमीटरवर एका कोंबाला चीर द्या. सुरी अडखळली तर थोडं वर सरका. जिथे ती सहज जाते तिथे कापा, मग त्याच मापाने बाकीचे. अंगठ्याएवढ्या जाड कोंबांचा खालचा तिसरा भाग पीलरने सोला, कारण त्यांचा चिवटपणा मुख्यतः सालीत असतो. आतला गर बहुधा कोवळाच निघतो.

जाड म्हणजे जून, हाही एक पक्का गैरसमज. कोंब जमिनीतून वर येतो तो जवळजवळ त्याच जाडीचा येतो. जाडी त्या झाडाच्या वयावर, जोमावर आणि वाणावर अवलंबून असते. पेन्सिलीहून बारीक कोंब दिसायला नाजूक, पण त्यांच्यात गराच्या मानाने साल जास्त. ओव्हनमध्ये खरपूसपणा आणि रसाळपणा दोन्ही हवे असतील तर मी करंगळीएवढ्या किंवा त्याहून जाड कोंबांना पसंती देते. बारीक कोंबांत आत मऊ होणं आणि बाहेर रंग येणं यांत अंतरच उरत नाही. एकाच जुडीत दोन्ही मिळाले तर वेगळे करा: जाड आधी ट्रेवर, बारीक तीन-चार मिनिटांनी.

कापलेले बुडखे टाकायची गरज नाही. पाण्यात वीस मिनिटं उकळून, गाळून घेतलं की सूपला चांगलं पाणी मिळतं. ते वाटून खायच्या भरीला मात्र पडू नका, चोथा मिक्सरमध्येही चोथाच राहतो.

किती मिनिटं

वेळा सांगते, पण त्या 220 अंशांच्या, खरोखर तापलेल्या ओव्हनच्या आणि तापलेल्या ट्रेच्या आहेत. पेन्सिलीएवढे बारीक कोंब सहा ते आठ मिनिटं, करंगळीएवढे नऊ ते बारा, अंगठ्याएवढे बारा ते सोळा. तयार झाल्याची खूण घड्याळात शोधू नका. कोंब चिमट्याने मधोमध धरून उचला. दोन्ही टोकं किंचित झुकली पाहिजेत, लोंबायला नको. सुरीचं टोक बुडख्याजवळ घातलं तर जरासा विरोध जाणवून आत गेलं पाहिजे. सालीवर जागोजाग तपकिरी डाग हवेत.

शेंडे करपत असतील तर ट्रे वरच्या रॉडच्या फार जवळ आहे. तो एक घर खाली घ्या आणि शेंडे दाराच्या बाजूला येतील असे कोंब ठेवा, तिथे झळ कमी असते. लसूण करपून कडू होत असेल तर तो सुरुवातीपासून घालू नका. बारीक चिरलेला लसूण 220 वर दहा मिनिटं टिकत नाही. शेवटच्या दोन मिनिटांत घाला, किंवा फोडणीच्या पळीत तेलावर गुलाबी करून वरून ओता. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो, त्यात चिमूटभर तीळही तडतडतात.

रंग शेवाळी होण्याचं कारण बहुतेक वेळा लिंबू असतं. आम्लाने हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरवा रंग मळकट होतो. लिंबू, व्हिनेगर, आमचूर जे काही घालायचं ते पानात वाढतानाच. जास्त वेळ उष्णता लागली तरी हेच घडतं, म्हणून थोडासा रंग उतरणं भाजण्यात अटळ आहे. उकळून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकलेल्या कोंबासारखा झळझळीत हिरवा रंग ओव्हनमधून येणार नाही, त्याची अपेक्षा सोडा.

ओव्हनमधून बाहेर आल्यावर

चांगला भाजलेला ॲस्परॅगस बाहेर आल्यावर बिघडवणंही सोपं आहे. तो गरम ट्रेवरच राहिला तर शिजत राहतो. हॉटपॉटमध्ये झाकून ठेवला तर पाच मिनिटांत स्वतःच्याच वाफेने मऊ पडतो. ट्रेवरून लगेच पसरट ताटलीत काढा आणि उघडाच ठेवा. वेळ जुळवायची तर बाकीचा स्वयंपाक आधी होऊ द्या. भाताचा कुकर बंद करून प्रेशर उतरायची वाट बघताना ट्रे आत सरकवा, पानं घेईपर्यंत तो तयार होतो. तळलेल्या किंवा भाजलेल्या माशाबरोबर, ऑम्लेटबरोबर, साध्या वरणभाताशेजारीही तो शोभतो. वर मिरपूड, लिंबू आणि हवं तर थोडं जाडसर दाण्याचं कूट.

उरला तर दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये नको, कडक तव्यावर मिनिट-दीड मिनिट परता. आणि आजचा घाणा लिबलिबीत झालाच असेल, तर त्याला पुन्हा ओव्हनमध्ये घालून कुरकुरीत करायचा प्रयत्न सोडा. पेशी एकदा सैल झाल्या की परत घट्ट होत नाहीत. बोटभर तुकडे करून अंड्याच्या भुर्जीत घाला किंवा बटाट्याबरोबर शिजवून सूप करा, चव उत्तम लागते. फ्रोझन ॲस्परॅगसही थेट याच कामाला घ्या. गोठताना बर्फाच्या स्फटिकांनी त्याच्या पेशी आधीच फाटलेल्या असतात, भाजायला तो कधीच साथ देत नाही.

युरोपात राहणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. इंग्लंडमध्ये स्थानिक ॲस्परॅगसचा हंगाम परंपरेने 23 एप्रिलपासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत धरतात. त्या दिवसांत शेतावरून आलेली जुडी त्याच दिवशी भाजा, तिच्यातली साखर अजून शिल्लक असते आणि रंगही लवकर येतो. जर्मनीत हंगाम 24 जूनला संपतो आणि तिथे मान पांढऱ्या कोंबांचा. ते मातीच्या ढिगाखाली, उजेड न लागू देता वाढवलेले असतात. त्यांची साल शेंड्याच्या खालपासून बुडख्यापर्यंत पूर्ण सोलावी लागते, नाहीतर कितीही भाजा, दोरे तोंडात येतात. वेळही जास्त लागतो: 200 वर वीस ते पंचवीस मिनिटं. ते हिरव्यासारखे खरपूस होत नाहीत, सोनेरी आणि लुसलुशीत होतात, आणि तसेच चांगले लागतात.

आपल्याकडे पावसाळ्याच्या सुरुवातीला रानभाज्यांमध्ये शतावरीचे कोवळे कोंब येतात. ती याच कुळातली वनस्पती आहे, पण कोंब फार बारीक आणि त्यांना किंचित कडवट चव. त्यांना ओव्हनमध्ये घालू नका, कांद्यावर परतून करायची ती भाजी आहे.

ॲस्परॅगस खाल्ल्यावर काही तासांत लघवीला उग्र वास आला तर घाबरून जाऊ नका. त्यातल्या ॲस्पॅरॅग्युसिक आम्लाचं शरीरात विघटन होऊन गंधकयुक्त वायू बनतात, त्यांचा तो वास. त्याने काही अपाय होत नाही, आणि घरातल्या काहींना तो वास येतच नाही. भाजी खराब होती किंवा कच्ची राहिली म्हणून असं झालं, असं समजून पुढच्या वेळी ती जास्त भाजू नका.